चोवीस तासांचा नमुना

या, असे पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकून बसलात तरी ऐकू येईल, पण ही गोष्ट नुसती ऐकून भागायची नाही. सांगणाऱ्याचा चेहराही दिसायला हवा, कारण एक-दोन ठिकाणी मला मान खाली घालून सांगावं लागणार आहे. कथा राजाची नाही, ऋषीची नाही. आपल्याच शनिवार पेठेतल्या, कीर्तनाला नेमाने पहिल्या रांगेत बसणाऱ्या एका गृहस्थाची आहे, आणि तिच्यात लघवीचा एक डबा आहे. हसू आलं तर आत्ताच हसून घ्या. पुढे फारसं मिळायचं नाही.

तर श्यामराव आठल्ये. वय सहासष्ट. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी खात्यात होते. तयार मालातून थोडे नग उचलायचे, तपासायचे आणि त्यांच्यावरून सगळ्या मालाचं ठरवायचं, हे त्यांचं काम. "नमुना खोटा तर पुढचं सगळं खोटं," असं नव्या माणसांना ते पहिल्याच दिवशी सांगत. निवृत्त झाल्यावर दोन गोष्टी उरल्या, कीर्तन आणि पत्रं.

कीर्तनात त्यांच्याकडे बुक्क्याचं काम. पूर्वरंग संपला की मध्यंतर होतं, बुवांना हार घालतात आणि मग श्यामराव बुक्क्याची वाटी घेऊन ओळीओळीने फिरतात, प्रत्येकाच्या कपाळावर अंगठ्याने बुक्का ओढतात. लहान-थोर, ओळखीचा-अनोळखी, एकही कपाळ सुटत नाही. बारा वर्षं हे काम त्यांनी दुसऱ्याला करू दिलं नव्हतं.

आणि पत्रं म्हणजे तक्रारीची. नळाला पाणी कमी आलं, पत्र. बसथांब्याचा बाक मोडला, पत्र. रस्त्यावरचा दिवा बंद पडला, पत्र. वर तारीख, खाली सही, झेरॉक्स स्वतःकडे. भाषा अशी की वाचणाऱ्याने कपाळावरचा घाम पुसावा. पेठेत कोणाचं काही अडलं की लोक म्हणायचे, आठल्यांना सांगा, दोन ओळी खरडतील.

गेल्या वर्षी त्यांच्या पाठीत कळ आली. मुतखडा. त्यासाठी स्कॅन काढला तर खडा होताच, पण त्याच्या वर आणखी एक काहीतरी दिसलं. सर्जनने त्यांना हार्मोनच्या डॉक्टरांकडे, पूर्णिमा मॅडमकडे पाठवलं. बरोबर पत्नी मंदाकिनीबाई.

"मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते," मॅडम म्हणाल्या, "ॲड्रिनल. तुमच्या डाव्या टोपीत अडीच सेंटिमीटरची गाठ आहे. शोधायला गेलो खडा, सापडली ही."

"म्हणजे आगंतुक पाहुणी," श्यामराव म्हणाले.

"पाहुणीच. बहुतेक अशा गाठी नुसत्या बसून असतात. काही मात्र गुपचूप हार्मोन सोडत असतात. ते तपासल्याशिवाय मी खड्याच्या ऑपरेशनला हो म्हणणार नाही. गाठ तसली निघाली आणि आम्ही नुसती भूल दिली, तर टेबलावरच रक्तदाब असा चढेल की आवरता येणार नाही. तुम्हाला मध्येच धडधडतं का? घाम फुटतो?"

श्यामराव "तसं काही नाही" म्हणणार, तोवर मंदाकिनीबाई बोलल्या. "फुटतो. चेहरा पांढराफटक पडतो. मला वाटायचं पत्र लिहिताना संतापतात म्हणून."

तपासण्या दोन-तीन होत्या. रात्री एक गोळी घेऊन सकाळी आठला रक्त द्यायचं, ती एक. ती सरळ पार पडली. दुसरी मात्र पूर्ण दिवसाच्या लघवीची. मंदाकिनीबाईंना बाहेरच्या बाकावर बसवून ते त्यासाठी खाली लॅबमध्ये गेले तर खिडकीपाशी चाळिशी ओलांडलेला एक माणूस होता. कानाजवळ केस पिकलेले, बोलण्यात वऱ्हाडाकडची लकब. छातीवर नावाची पट्टी होती, बुद्धभूषण गजभिये. त्याने पाच लिटरचा पांढरा प्लास्टिकचा डबा पुढे ठेवला.

"बसा काका. हे नीट ऐकून घ्या न, घाई नाही. रविवारी सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची. वेळ लिहायची. त्यानंतरची प्रत्येक या डब्यात. सोमवारी सकाळी त्याच वेळेची शेवटची, तीपण डब्यात. आत थोडं ॲसिड आहे, आधी भांड्यात घ्या, मग ओता. डबा थंड जागेत ठेवा. कॉफी नाही, केळी नाही."

"आणि संध्याकाळी कीर्तनाला जायचं असेल तर?"

"जा न. डबा बरोबर न्या."

"देवळात?"

बुद्धभूषण हसला नाही. त्याने खालच्या खणातून काळी कापडी पिशवी काढली. "यात घालून न्या. कोणाला काही दिसत नाही. सगळेच लाजतात काका, पण एक थेंब बाहेर जाऊ देऊ नका. आणि चुकून एखाद्या वेळेची गेलीच, तर मला फक्त सांगा. डबा बदलून देतो, दुसऱ्या दिवशी परत करू. त्यात काही नाही." एवढं सांगून त्याने ते सगळं मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दिलं आणि खाली स्वतःचा फोन नंबर टाकला.

आता बघा हं. यापेक्षा नीट कोणी काय सांगायचं?

रविवार उजाडला. देवळातल्या कीर्तन-सप्ताहाचा तिसरा दिवस. दिवसभर श्यामरावांनी सगळं चोख केलं, अगदी कारखान्यातल्यासारखं. वेळा लिहिल्या. डबा न्हाणीघरात बर्फाच्या बादलीत. साडेपाचला धोतर नेसले, उपरणं घेतलं, काळी पिशवी हातात घेतली आणि दारातच थांबले. देवाच्या दारात हा डबा घेऊन जायचा? चपलांपाशी ठेवला आणि कोणी विचारलं, आठल्ये, काय आणलंत, तर? त्यांनी पिशवी परत ठेवली. दोन-अडीच तासांचा तर प्रश्न, असं मनाशी म्हणाले. पाणी कमी प्यायलं की झालं.

पण दिवसभर त्यांनी तांब्यावर तांबे रिचवले होते, आणि वय सहासष्ट. पूर्वरंग अर्धा झाला आणि त्यांना बसवेना. घर चार मिनिटांवर, जाऊन येता आलं असतं. पण मध्यंतर केव्हाही होईल, वाटी आपल्याकडे, ती दुसऱ्या कोणी उचलली तर? ते देवळामागच्या शौचालयात जाऊन आले. परतले तेव्हा बुवांच्या गळ्यात हार पडत होता. त्यांनी हात धुतले, वाटी घेतली आणि सव्वाशे कपाळांवर बुक्का लावला. उत्तररंगात पुन्हा एकदा जावं लागलं. एकदा गेलेलीच आहे, आता दुसरीने काय होतंय, असं त्यांना वाटलं.

घरी आल्यावर डब्याकडे पाहिलं तर कमी वाटला. तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या तपासनीसाने काय केलं म्हणता? स्वयंपाकघरातून फुलपात्र भरून पाणी आणलं आणि डब्यात ओतलं. एक. मग आणखी एक. मंदाकिनीबाई बाहेर शेजारणीशी कीर्तनाबद्दल बोलत होत्या. श्यामरावांनी झाकण फिरवलं आणि वेळेच्या कागदावर संध्याकाळच्या दोन वेळा लिहून टाकल्या, सहा चाळीस आणि सात पंचवीस. वेळा खऱ्या होत्या. डब्यात मात्र त्या नव्हत्या.

सोमवारी डबा घ्यायला बुद्धभूषणच होता. "सगळी आली न काका?"

"सगळी."

त्याने डबा उजेडाकडे धरला, क्षणभर पाहिलं, श्यामरावांकडे पाहिलं, मग मंदाकिनीबाईंकडे. "बरं," म्हणाला आणि चिठ्ठी चिकटवली.

आठवड्याने पूर्णिमा मॅडमनी बोलावलं. समोर रिपोर्ट. "हार्मोनचा आकडा मर्यादेच्या जरा आत आहे. तेवढंच बघितलं असतं तर मी ऑपरेशनला हो म्हटलं असतं. पण क्रिएटिनिन नावाचा एक पदार्थ दिवसभरात ठरावीक बाहेर पडतोच पडतो. तुमच्या डब्यात तो बराच कमी आहे. म्हणजे बरीच लघवी डब्याबाहेर गेली. हा आकडा मला धरता येत नाही. काका, तुम्हाला नीट सांगितलं नव्हतं का कोणी?"

बघा, मॅडमनी दार कसं सहज उघडून दिलं. आत जायचं की नाही हे श्यामरावांच्या हातात होतं. शेजारच्या खुर्चीत बायको होती. एवढंच म्हणायचं होतं, मॅडम, कीर्तनात दोनदा गेलो, लाज वाटली. दहा शब्द नाहीत.

"नाही," श्यामराव म्हणाले. "कोणी काही सांगितलं नाही."

गोष्ट इथे थांबली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण जिन्यातच मंदाकिनीबाईंचा पारा चढला. "त्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर होते म्हणून, नाहीतर तिथेच विचारलं असतं त्या लॅबवाल्याला. जिवाशी खेळ आहे का? तुम्ही बाकासाठी पत्र लिहिता, दिव्यासाठी लिहिता. आज गप्प का?"

"जाऊ दे गं."

"जाऊ दे? तुम्ही म्हणताय जाऊ दे? बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

संध्याकाळपर्यंत पेठेत चार घरी कळलं होतं. देवळात जोशांनी विचारलं, "काय आठल्ये, लॅबवाल्यांना अजून सोडलंत कसं?" दिव्यासाठी पेटून उठणारा माणूस स्वतःच्या जिवासाठी का लिहीत नाही, असं जो तो विचारू लागला. पत्र न लिहिणं हीच कबुली ठरली असती. म्हणून त्यांनी लिहिलं. हात सरावलेला, वाक्यं आपोआप आली. "सदर कर्मचारी श्री. बुद्धभूषण गजभिये यांनी नमुना गोळा करण्याची पद्धत समजावून सांगण्याचे साधे सौजन्यही दाखवले नाही." नाव बिनचूक लिहिलं होतं. माणसाशी बोलताना त्यांनी ते एकदाही उच्चारलं नव्हतं, पण पत्रापुरतं पाठ झालं होतं. खाली सही. एक प्रत लॅबच्या प्रमुखांना, एक स्वतःकडे. त्याने लिहून दिलेला मोठ्या अक्षरांचा कागद त्यांनी फाडला आणि तुकडे केराच्या टोपलीत न टाकता खिशात घालून बाहेर नेऊन टाकले.

तीन आठवड्यांनी नवा डबा आणायला गेले तर खिडकीत एक मुलगी. तिने घडाघडा सूचना वाचल्या आणि शेवटी कागद पुढे सरकवला. "इथे साइन करा काका. सगळं समजलं म्हणून."

"ही नवीन पद्धत?"

"कोणीतरी कंप्लेंट टाकली ना. गजभिये सर बावीस वर्षं होते इथे. काउंटरचे इनचार्ज होणार होते या महिन्यात. ते कॅन्सल झालं, हिंजवडीच्या सेंटरला पाठवलंय त्यांना. राहतात खडकीला. रोजचे दोन-दोन तास ट्रॅफिकमध्ये."

श्यामरावांनी सही केली. ती वाकडी आली.

वर पूर्णिमा मॅडमना भेटायचं होतं. त्या फाइल चाळता चाळता म्हणाल्या, "या वेळी नीट होऊ द्या हं. मागच्या वेळी मला कळलं तेसुद्धा नशिबाने. क्रिएटिनिन मी सांगितलंच नव्हतं. लॅबमधल्या कोणीतरी स्वतःहून तपासून शेरा लिहिला, 'नमुना अपुरा वाटतो, पुन्हा घ्यावा.' हे बघा." शेऱ्याखाली आद्याक्षरं होती. बु. ग. मोठी, स्वच्छ अक्षरं. ज्या अक्षरांचे तुकडे त्यांनी रस्त्यात टाकले होते, तीच.

त्या दिवशी संध्याकाळी मध्यंतरात श्यामरावांनी वाटी उचलली आणि पहिल्याच कपाळापाशी त्यांचा हात अडला. एक म्हातारी डोळे मिटून वाट पाहत होती. त्यांनी तिला बुक्का लावला, पण वाटी शेजाऱ्याकडे दिली आणि कमरेत उसण भरल्याचं सांगून घरी गेले. खोटं बोलायची आता सवयच लागली की काय, हे वाटेत त्यांच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच हिंजवडीच्या बसमध्ये बसले. काचेच्या इमारतींमधलं ते सेंटर सापडायला त्यांना तीनदा विचारावं लागलं. बुद्धभूषण एका तरुणाच्या दंडाला पट्टा बांधत होता. त्याने श्यामरावांना पाहिलं, मानेनेच बसा म्हणाला आणि रक्त काढून झाल्यावर हातमोजे उतरवत बाहेर आला.

"काका, इतक्या लांब?"

श्यामरावांनी वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही त्यांनी वापरलं नाही. "गजभिये, ते पत्र माझं आहे."

"माहीत आहे. मला वाचून दाखवलं न." तो भिंतीला टेकला. "मराठी चांगलं आहे तुमचं."

श्यामरावांचे कान तापले. "तुम्ही मला सगळं सांगितलं होतं. मीच... देवळात डबा न्यायची लाज वाटली. दोन वेळेची गेली. आणि मी त्यात—"

"पाणी घातलं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"बावीस वर्षं डबे उघडतो काका. कागदावर वेळा पुऱ्या, डबा भरलेला आणि रंग असा पातळ. मग क्रिएटिनिन लावून पाहिलं."

"मग साहेबांनी विचारलं तेव्हा सांगितलं का नाही?"

बुद्धभूषणने बाहेर पाहिलं. रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या एकामागे एक अडकून उभ्या होत्या. "तुम्ही डबा परत दिला त्या दिवशी काकू होत्या बाजूला. त्यांच्यापुढे काय बोलायचं? म्हणून शेऱ्यात 'अपुरा' एवढंच लिहिलं. वाटलं, डॉक्टर परत करायला लावतील, काम होऊन जाईल. पत्र आल्यावर साहेबांना सांगितलं मी, पाणी होतं म्हणून. ते म्हणाले, आता तुझ्यावर आलं तेव्हा पेशंटवर ढकलतोस. आधी का नाही लिहिलंस?"

आता मान खाली घालतो, मंडळी. या माणसाने एका अनोळखी म्हाताऱ्याची लाज झाकली, आणि झाकली म्हणून त्याचं खरं कोणी ऐकलं नाही.

श्यामराव हात जोडायला गेले. बुद्धभूषणने ते हळूच खाली केले. प्रेमाने केले असं मी म्हणणार नाही. आवाज कोरडा होता. "माफी नको काका. तिचं मी काय करू? तुमचा कागद माझ्या फायलीत आहे. माणसं विसरतात, फाइल नाही विसरत. कागद आणून द्या."

"देतो. आजच."

"आणि त्याच्यात माझ्याबद्दल चांगलं-चांगलं नका लिहू. काय झालं तेवढं लिहा." तो आत वळला, पुन्हा थांबला. "टेस्ट परत केली का?"

"उद्या सुरू करतो."

"या वेळी डबा बरोबर न्या," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी येऊन त्यांनी आधी मंदाकिनीबाईंना समोर बसवलं. सगळं सांगितलं, फुलपात्रासकट. त्या ऐकत राहिल्या. भाजीची जुडी हातात तशीच.

"कुठल्या फुलपात्राने?" त्यांनी विचारलं.

"नेहमीच्या."

"मी नऊ जणींना सांगितलंय त्या माणसाबद्दल," त्या म्हणाल्या. "नऊ. खोटं तुम्ही बोललात, पण पेठेत फिरून वाटलं मी. आता प्रत्येकीच्या दारात जाऊन काय सांगू?"

बाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. त्या दोन दिवसांत त्या एकेका घरी जाऊन आल्या, नऊच्या नऊ. काय सांगितलं ते त्यांनी नवऱ्याला सांगितलं नाही आणि नवऱ्याने विचारायचं धाडस केलं नाही.

आणि पत्र. आयुष्यभर ज्याची लेखणी अडली नाही त्या माणसाला त्या रात्रीच्या जेवणापर्यंत एक कागद पुरा होईना. "अनवधानाने" लिहिलं, खोडलं. "गैरसमजातून" लिहिलं, खोडलं. शेवटी पाच ओळी उरल्या. मला श्री. गजभिये यांनी सर्व सूचना तोंडी व लेखी दिल्या होत्या. मी दोन वेळची लघवी डब्यात घेतली नाही. मी डब्यात पाणी घातले. मी डॉक्टरांशी खोटे बोललो आणि तक्रारीचे पत्र खोटे लिहिले. ही चूक संपूर्ण माझी आहे. एवढंच. सही सरळ आली.

प्रमुखांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे फायलीला लावतो. पण काउंटर आता दुसऱ्यांना दिलंय. ते एका पत्राने बदलत नाही."

"माझ्या एका पत्राने बदललं होतं," श्यामराव म्हणाले. प्रमुखांनी पत्र फायलीला टाचलं.

दुसरा नमुना पूर्ण भरला. आकडा मर्यादा ओलांडून गेलेला. गाठ खरंच आतून विष कालवत होती. आधी काही आठवडे गोळ्यांनी रक्तदाब बांधून ठेवला, मग तयारीनिशी ती गाठ काढली. पूर्णिमा मॅडम म्हणाल्या, पहिल्या आकड्यावर विसंबून खड्याची भूल दिली असती तर तुम्ही आज इथे नसता.

श्यामराव वाचले. पुन्हा कीर्तनाला येतात. पहिल्या रांगेत नाही, मागे चपलांपाशी बसतात. वाटी कोणी हातात दिली तर मान हलवतात. महिन्यातून एकदा हिंजवडीला जाऊन येतात आणि परत येताना लॅबच्या प्रमुखांना भेटून विचारतात, गजभियांचं काय झालं. प्रमुख म्हणतात, बघतो. बुद्धभूषण चहा पाजतो, पण गप्पा मारत नाही. तो तसा का वागतो हे श्यामरावांना पुरतं कळतं.

तर मंडळी, एवढंच मागणं. आज घरी गेल्यावर देवापुढे, किंवा जिथे तुमचे हात जुळत असतील तिथे, बुद्धभूषण गजभिये या माणसाची घडीभर आठवण करा. पूर्ण नावानिशी करा. श्यामरावांची नाही केलीत तरी चालेल. तसं त्यांनीच मला सांगून ठेवलं आहे.